पोटातला रुपया

दत्तू ओतारी माणसाकडे बघायचा तेव्हा वाटायचं, ओतताना आपल्यात कुठे बुडबुडा राहिलाय ते हा शोधतोय. आणि त्याला तो सापडायचाच. सापडला की तोंडावर सांगायचा. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या बरॅकीत कुणाकडे बाळ झालं, की बायका त्याला दत्तूकाकांच्या नजरेआड ठेवायच्या. समोरच्या सिंधी भाभीनं एकदा कौतुकानं नातू पुढे केला, तर हा म्हणाला, "कान मागनं चिकटवलेत. साचा हलला असणार." भाभी वर्षभर त्याच्या दारावरून गेली नाही, लांबच्या गल्लीनं गेली.

माझं बरॅकीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दत्तूकाका मला "पोरी" म्हणायचे. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं, "ओत बरा आहे हिचा, घासणी राहून गेली." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे मानपत्रच होतं.

ते मूर्ती ओतायचे. मूळचे सोलापूरकडचे. वडील गावोगाव फिरून घंटा, समया आणि देवघरातले टाक ओतायचे. दत्तूकाकांनी उल्हासनगरला येऊन मागच्या गल्लीत एक गाळा घेतला. दोन्ही बाजूंना जीन्स शिवायचे कारखाने, दिवसभर मशिनींची घरघर, आणि मध्ये हे एकटे मेणाच्या गोळ्यातून देवीचं बोट काढत बसलेले. धातू भंगारातला. तुटके नळ, गॅसच्या शेगड्यांचे बर्नर, पंख्याचे तुकडे. "सगळ्या कॅम्पाच्या मोऱ्यांचे नळ माझ्या देवांत गेलेत," असं ते हसून सांगायचे. त्यांच्या तोंडी देवाला शब्द एकच होता, माल.

पण त्यांची खरी करामत ओतण्यात नव्हती. गाळ्यामागे एक खड्डा होता. त्यात मीठ, चिंचेचा कोळ, आंबलेलं ताक आणि वालधुनी नाल्याचं पाणी. त्या नाल्यात कारखान्यांचं पाणी येतं. तो सकाळी निळा असतो, दुपारी तांबडा. मूर्ती ओतून झाली की त्या चिखलात पुरायची, दर पंधरवड्याला उकरायची, पुसायची, पुन्हा पुरायची. गल्लीत वास सुटायचा, भांडणं व्हायची. काका दारात उभे राहून म्हणायचे, "वालधुनीला नावं ठेवू नका. सहा महिन्यांत पाचशे वर्षं म्हातारं करते."

आणि ते खरं होतं. खड्ड्यातून निघालेली मूर्ती हातात घेतली की हात आपोआप जपून धरायचा.

रविवारी ते अंबरनाथच्या देवळात जायचे. हात जोडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. भिंतीवर कोरलेल्या एकेका बाईच्या बोटांसमोर अर्धा अर्धा तास उभे. एकदा त्यांनी हात लावला म्हणून रखवालदारानं हटकलं, बोर्ड वाचायला लावला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, दंड आणि कैदेसकट. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "दगड जुना झाला की सरकार राखण बसवतं, पोरी. मी नळाला पाचशे वर्षांचा करतो, मला विचारतंय का कोण?"

खड्ड्याचं सगळं काम सुशीलाकाकू करायच्या. पुरणं, उकरणं, पुसणं. ठेंगणी, हळू बोलणारी बाई, आठवड्यातून तीन उपास. लग्न झाल्यावर हा धंदा बघून त्या माहेरी निघून गेल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं. परत आल्या त्या एका अटीवर. प्रत्येक मूर्तीच्या पोटात, आतल्या मातीच्या गाभ्यात, त्या त्या सालचा एक रुपया ठेवायचा. स्टीलचा रुपया पितळेच्या आचेला वितळत नाही.

"लोकांना फसवता ते तुमचं तुम्ही बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "पण देवाच्या पोटात तरी खरं असू दे. उद्या कुणी फोडून बघितलं तर त्याला कळायला हवं."

"देवाच्या पोटापाण्याचं बघायला लागलीस," काका म्हणाले. पण अट मान्य केली. वीस वर्षं काकू त्या रुपयावर शांत झोपल्या.

माल उचलायचा हरेशसेठ. गोरा, घामट, गळ्यात जाड साखळी. कायदा मला त्याच्याकडून कळला. झेरॉक्स काढताना तो एकदा समजावत होता, "देखो ताई, सौ साल के नीचे असेल तर शोपीस. ऊपर असेल तर सरकारमध्ये नोंद पायजे, बेचायला लायसन पायजे, और बाहर भेजना तो भूल जाव, सीधा अंदर." म्हणून तो कागदावर 'नवीन हस्तकला' लिहायचा आणि गिऱ्हाइकाच्या कानात 'बहोत पुरानी' सांगायचा. दत्तूकाकांना कानातलं माहीत होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट कुणी विकत घेणारा फसला की ते त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

मग ती देवी झाली. दीड वीत उंचीची, उभी, एक हात मांडीशी सोडलेला. तिच्यावर त्यांनी दोन पावसाळे घालवले. हरेशसेठनं ती इतर मालाबरोबर परदेशी जाणाऱ्या पेटीत भरली, आणि बंदरावर कुणीतरी पेटी उघडली.

पुढचं फार भराभर झालं. हरेशसेठनं जबाब दिला की मी शोपीसचा व्यापारी, ही मूर्ती दत्तूनं कुठल्यातरी देवळातून आणून माझ्या मालात घुसवली. पोलीस गाळ्यावर आले. दत्तूकाका छाती पुढे काढून म्हणाले, "मी केलीय ती." पोलिसांना ते पटलं नाही. गाळा बघितला तर नळ आणि बर्नर. असल्या ठिकाणी असली मूर्ती होते, हे कुणाला पटणार?

त्यांना एकच प्रश्न होता, कुठल्या देवळातून काढली? काका म्हणायचे, कुठल्याच नाही. मग पोलीस हातांवर मारायचे. तळव्यांवर, बोटांवर, पट्ट्यानं. चौथ्या दिवशी त्यांनी एका देवळाचं नाव सांगितलं. कुठलं सांगावं ते सुचेना, म्हणून आपल्याच गावच्या देवीचं सांगितलं.

पोलीस फोटो घेऊन गावात गेले. काकांना वाटलं होतं, गाव सांगेल की अशी मूर्ती आमच्याकडे कधी नव्हती आणि आपण सुटू. गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी फोटो बघितला, एकमेकांकडे बघितलं आणि सांगितलं, होय, हीच आमची देवी, बऱ्याच वर्षांपूर्वी चोरीला गेली. एकानं तर रडून दाखवलं. लगेच पंचायतीनं अर्ज केला की मूर्ती सन्मानानं परत मिळावी. काकांची म्हातारी आई गावात एकटी राहत होती. तिला देवळाची पायरी बंद झाली. पाणी भरायला गेली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. आठ महिन्यांत ती गेली. काका तेव्हा जामिनावर होते, पण गावानं निरोप पाठवला की चोरानं येऊ नये. तिला भाऊबंदांनी अग्नी दिला.

मूर्ती तपासायला एक तज्ज्ञ आले. भिंग, फूटपट्टी, हातमोजे. दिवसभर बसले आणि अहवाल लिहिला. मूर्ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची, शिलाहार काळातली, अत्यंत दुर्मीळ. त्या अहवालाच्या प्रती काढायला काका माझ्याकडे आले. बोटं सुजून वाकडी झालेली, कागद दोन तळव्यांत धरून आणला होता.

"शेवटून तिसरी ओळ वाच," ते म्हणाले.

मी वाचली. 'हातांच्या बोटांची घडण पाहता असे काम करणारा कारागीर आज अस्तित्वात असणे संभवत नाही.'

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. तो कागद त्यांना तीन वर्षं तुरुंगात पाठवणार होता आणि त्यांच्या तोंडावर असं काही पसरलं होतं की मला बघवेना.

"ह्याला लॅमिनेशन कर," ते म्हणाले.

मी केलं. दुसऱ्या दिवशी काकूंना तो घरात खिळ्याला टांगलेला दिसला. त्यांनी काढून ट्रंकेत ठेवला. काकांनी पुन्हा टांगला.

काकूंच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. वकील होते वाधवानी, साधा माणूस, आमच्याच गल्लीतला. काकू त्यांना म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोटात रुपया आहे. काढून बघा म्हणावं. त्याच्यावर साल असतंय."

वाधवानींनी कपाळावर हात मारला. "अरे, हे आधी सांगायचं ना काकू! केस खतम!"

केस संपली नाही. मूर्तीला भोक पाडायची परवानगी मागितली तर समोरून उत्तर आलं, ही प्राचीन वस्तू आहे असं तज्ज्ञाचं मत आहे, प्राचीन वस्तूला इजा करता येत नाही. वाधवानी म्हणाले, ती प्राचीन नाही हेच दाखवायचंय. उत्तर आलं, आधी ते दाखवा, मग भोक पाडा. एक्स-रेचं विचारलं तर दवाखान्यातला माणूस म्हणाला, एवढ्या जाड धातूतून आमचं मशिन काही दाखवणार नाही. गावानंही हरकत घेतली, देवीच्या पोटाला भोक पडलं तर लोकांच्या भावना दुखावतील. तारखा पडत गेल्या. हरेशसेठ पहिल्या महिन्यातच बाहेर आला होता. आता त्यानं दुकानात फरशी बसवून घेतली.

शेवटी वाधवानी म्हणाले, काकूंचं प्रतिज्ञापत्र जोडू. दोघं नवरा-बायको माझ्या दुकानात आली. काकू सांगत होत्या, मी टाईप करत होते. 'मी शपथेवर लिहून देते की माझे पती घडवीत असलेल्या प्रत्येक मूर्तीच्या गाभ्यात एक रुपयाचे नाणे ठेवलेले असते. सदर मूर्तीतही आहे.' मध्येच स्टॅम्प पेपर कमी पडला म्हणून काकू पलीकडच्या टपरीवर गेल्या.

त्या उंबऱ्याबाहेर पडल्या तसे काका पुढे वाकले.

"त्यात रुपया नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "कशात?"

"तिच्यात. बाकी सगळ्यांत आहे. तिच्यात घालवेना. एवढी उतरली होती मनासारखी, आणि पोटात ते नाणं... घाण ठेवल्यासारखं वाटलं. सुशीलेसमोर रुपया हातात धरला, गाभ्याला लावला आणि काढून घेतला. हिला दिसलं नाही."

"काकूंना सांगा," मी म्हटलं. "काका, आत्ताच सांगा. त्या शपथ घेतायत."

"तू टाईप कर."

"अहो पण..."

"तिला कळलं तर ती थांबणार नाही माझ्याजवळ. तू टाईप कर, पोरी. भोक पाडायची परवानगी काय मिळत नाही. केस अशीच चालू राहील."

काकू स्टॅम्प पेपर घेऊन आल्या. पदरानं घाम पुसला आणि विचारलं, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "होत आलं." आणि उरलेलं टाईप केलं. त्यांनी सही केली, मराठी शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर सुटं. माझ्या हातून झालेलं हे असं आहे, ते मी इथे लपवत नाही.

त्यानंतर पावणेदोन वर्षं ती बाई त्या भोकासाठी फिरली. गळ्यातलं मंगळसूत्र विकून काळ्या मण्यांची पोत घातली. साहेब बदलला की नव्या साहेबाच्या दारात उभी. कुणी बसायला सांगितलं नाही तरी उभी. प्रत्येकाला तेच वाक्य, "पोटात रुपया आहे साहेब." लोक तिला तेच नाव ठेवायला लागले. कारकून एकमेकांना सांगायचे, रुपयावाली बाई आली. आणि प्रत्येक तारखेनंतर काका तिला विचारायचे, "काय झालं?" नाही म्हणाली की गालफडं सैल व्हायची त्यांची. मला दिसायची. तिला ती निराशा वाटायची. ती त्यांची समजूत घालायची.

आणि एक दिवस परवानगी मिळाली. नव्या न्यायाधीशबाईंनी एका ओळीत हुकूम दिला की बैठकीच्या खालून, दिसणार नाही अशा जागी, बोटभर छेद घ्यावा आणि गाभा बाहेर काढून पाहावा.

काकूंनी पेढे आणले. मला दिले, वाधवानींना दिले, समोरच्या भाभीलाही दिले. काकांनीही एक खाल्ला.

त्या दिवशी मी गेले होते. काकूंनी हात धरून नेलं. एका मोठ्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर देवी आडवी झोपवलेली. ते तज्ज्ञ होते, दोन पंच होते, गावचे ते तिघे म्हातारे टोप्या घालून आले होते. ड्रिलवाल्यानं खालून भोक पाडलं. पिवळा बारीक भुसा कापडावर पडला. एकानं तो नीट गोळा करून पुडीत बांधला. मग आकडीनं आतली माती खरवडून स्टीलच्या ताटलीत काढायला सुरुवात झाली. काळी, भाजलेली, चिमूटचिमूट. ताटली भरली, दुसरी आणली. तज्ज्ञांनी माती चाळली. पुन्हा चाळली.

"काही नाही," ते म्हणाले.

"अजून काढा," काकू म्हणाल्या. "वर सरकला असेल. छातीपाशी असेल."

त्यांनी वाकडी तार आत घालून सगळीकडे फिरवली. तार धातूवर घासल्याचा आवाज आला. टॉर्च लावून बघितलं. आत मोकळं होतं.

"बाई, काही नाही आत."

गावच्या म्हाताऱ्यांपैकी एक मोठ्यानं म्हणाला, "देवीच्या पोटात हात घालायला लावला हिनं. खोटारडी."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. कुणी विचारलं असतं तर मूर्तीकडे बघवत नाही म्हणून, असं सांगता आलं असतं. पण काकूंनी वीस वर्षं त्यांची पाठ बघितली होती. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग टेबलाशी जाऊन त्यांनी ताटलीत बोट फिरवलं, बोटाला लागलेली माती कापडाला पुसली, ताटली सरळ केली आणि चपला घालून निघाल्या. मी मागून गेले. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी रडायला लागले. त्याच संध्याकाळी काकू बदलापूरला भावाकडे निघून गेल्या. पिशवी एकच होती.

काका सुटले ते त्या भोकामुळेच, हे सांगायला हवं. तो पिवळा भुसा तपासायला गेला होता. त्यात आजकालच्या नळांचा धातू निघाला. अहवाल आला की मूर्ती प्राचीन नाही, अलीकडच्या काळातली आहे. तज्ज्ञांनी आधीचं मत मागे घेतलं. चोरीचा आणि तस्करीचा आरोप गेला. वाधवानी आनंदानं सांगायला आले आणि जरा खाकरून म्हणाले, "दत्तूभाऊ, एक बात आहे. पुरानी होती तब तक तुम्ही चोर होते. नयी निकली, आता फसवणुकीची केस टाकणार म्हणतायत. गिऱ्हाइकानं तक्रार केलीय." तीही केस चालली. हरेशसेठ त्यातूनही सुटला, कागदावर त्यानं नवीनच लिहिलं होतं ना. मूर्ती नवी होती यावर गावानं विश्वास ठेवला नाही. त्यांचं म्हणणं असं की खरी देवी दत्तूनं विकून टाकली आणि ही खोटी पुढे केली. ते अजून तसंच सांगतात.

काकांनी तो लॅमिनेशन केलेला अहवाल स्वतःच भट्टीत टाकला. "माघार घेतली त्यानं," म्हणाले. बायको गेली त्याबद्दल त्या आठवड्यात ते काही बोलले नव्हते, पण हे मात्र दहा वेळा बोलले. "माघार घेतली. माणसाचा ओतच कच्चा." बोटं सरळ होत नव्हती. मेण धरता येत नव्हतं. गाळा जीन्सवाल्यानं घेतला आणि त्या खड्ड्यावर कोबा केला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात. तिथे माझ्या भाचीकडे बारसं होतं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर दत्तूकाका बसलेले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. समोरच्या बिल्डिंगमध्ये काकूंचा भाऊ राहतो. तो वर येऊ देत नाही, म्हणून ते पायरीवर बसतात, असं त्यांनीच सांगितलं. कुणी त्यांना हटकत नव्हतं, कुणी पाणीही देत नव्हतं.

मी काही बोलणार तेवढ्यात काकू खाली आल्या. हातात कापडी पिशवी. भाजीची गाडी पायरीला लागूनच उभी होती. काकांच्या गुडघ्यापासून काकूंच्या साडीपर्यंत दोन हातांचं अंतर. त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली, उलटी करून बघितली, मुळांना माती फार आहे म्हणाल्या. दुसरी घेतली. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू इकडं कुठं? बारशाला का? बाळाला बघायला येते हं मी उद्या." आवाज अगदी नेहमीसारखा. मग पिशवी खांद्याला लावली आणि बिल्डिंगच्या जिन्यात शिरल्या.

काकांनी इतका वेळ श्वास धरला होता की काय कोण जाणे.

"बघितलंस?" ते म्हणाले. आवाज कसल्यातरी आनंदानं घोगरा झाला होता. "डोळा हलला नाही. भुवई हलली नाही. ओठ बघितलास, कुठंही ताण नाही. चाळीस वर्षं देव ओतले पोरी, असं तोंड मला एकदासुद्धा उतरलं नाही."

भाजीवाल्याला गाडी वळवायची होती. "चाचा, जरा हटो," तो म्हणाला. काका उठले, गाडी निघून जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभे राहिले आणि पुन्हा पायरीवर बसले.